घंटा ऐकू येईल तिथवर

श्रीधरअण्णा कमरेपर्यंत चिखलात रुतले होते आणि कॅमेरा डोक्यावर धरून मला सांगत होते, "अक्का, आधी हा घ्या."

"तुम्ही आत गेलात तर भिंतीवर हार घालून काय लावायचं? कॅमेरा?" मी म्हटलं.

हे येलहंक्यातलं, आमच्या घरांमागचं तळं. उन्हाळ्यात पाणी मध्याशी सरकतं आणि काठचा चिखल वरवर वाळतो. अण्णा माझे कानडी शेजारी, सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर डोंगरदऱ्या हिंडून फोटो काढायचे म्हणून त्यांनी मोठा कॅमेरा घेतला. तेवढ्यात बायकोचं, सुमतीचं, डावं अंग गेलं. अण्णांनी तिच्या उजव्या हाताशी देवघरातली घंटा ठेवली. काही लागलं की ती वाजवायची. "घंटा ऐकू येईल तिथवर माझा हिमालय," अण्णा म्हणायचे.

तो हिमालय म्हणजे हे तळं आणि काठावरची एक वाकडी बाभळ. रोज सकाळी तेच.

"कालचीच बाभळ ना?" मी विचारायची.

"स्वल्प थांबा, अक्का. ऊन कालचं नाही."

एकदा माझ्या अंगणात सांडलेल्या पाण्याचा फोटो काढला. बघते तर त्यात आख्खं आभाळ, ढगांसकट.

"ते पुसायचं राहिलं होतं," मी म्हटलं.

"म्हणून तर मिळालं."

सुमतीला खाटेवरून फक्त पंखा दिसायचा. अण्णा घरी आले की ती विचारायची, "आजचं तळं आणलं का?" मग दोघं कॅमेऱ्यात डोकं घालून बसायची.

त्या सकाळी अण्णा वाळल्या चिखलावरून चालत निघाले. मी ओरडले, तर म्हणाले, "महिनाभर या चिखलाचे फोटो काढतोय, इथली भेग न् भेग मला पाठ आहे." फोटोत चिखलाची खोली दिसत नाही, हे इंजिनिअरला मी काय सांगणार? चार पावलांत कमरेपर्यंत गेले.

काठावर नारळाची वाळकी झावळी पडली होती. ती मी त्यांच्यापुढे सरकवली. "आडवे पडा. दोन्ही हातांनी धरा."

"कॅमेरा बुडेल. सुमतीचं वर्षभराचं तळं आहे यात."

फोटो संगणकावर उतरवायचं काम ते रोज उद्यावर ढकलायचे. मी बोलत राहिले, ते रुतत राहिले. हात काही खाली येईनात.

तेवढ्यात घंटा वाजली.

अण्णांनी एकदा घराकडे पाहिलं आणि कॅमेरा सोडून दिला. झावळीवर आडवे झाले. मी देठाकडून ओढलं, ते सरपटत काठाला आले. उठले ते तडक घरी, मी मागे.

सुमतीला पाणी हवं होतं. दारातलं ते ध्यान बघून तिने आधी विचारलं, "आजचं तळं आणलं का?"

"आणलंय की. अंगावरच."

ती इतकी हसली की मला तिला पाणी चमच्याने पाजावं लागलं.

सुमती जाऊन दोन वर्षं झाली. घंटा परत देवघरात गेली. अण्णा आता मोबाइलवर फोटो काढतात, त्याच काठावर. मी म्हटलं, "आता जा की खऱ्या हिमालयात."

"सरी, जाऊ. आधी ही बाभळ तरी संपू दे."

कॅमेरा तळ्यातच राहिला. अण्णा आहेत, शेजारीच.