चाळीसाव्या पानाचा कोपरा

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुंभकोणमच्या बाजारात होते. हातात रविवारी तिच्याकडे न्यायच्या सामानाची यादी. अर्ध्या वस्तू घेऊन झाल्या होत्या...

आत्या इथल्या कॉलेजात फ्रेंच शिकवायची. निवृत्तीनंतर तिला एकच वेड लागलं : सातशे वर्षांपूर्वी इटलीत हातानं लिहिलेल्या, चित्रांनी सजवलेल्या शूर सरदारांच्या प्रेमकथा. इटलीला ती कधी गेली नाही. परदेशी ग्रंथालयांनी त्या पोथ्यांचे फोटो खुले केले, त्यावरच तिचं चालायचं. कथा फ्रेंचमध्ये, वाचणारे इटालियन व्यापारी. “बाजारात एक भाषा, घरच्या पोथीत दुसरी. आपल्यासारखेच गे ते, बाहेर तमिळ, घरी मराठी,” ती म्हणायची.

गेल्या वर्षी तिची नजर झपाट्यानं उतरू लागली. दिसतंय तोवर एका पोथीची चाळीस पानं तिला बघून घ्यायची होती. काम मी अंगावर घेतलं. पानं मोठी छापून घेतली, छपाईवाल्याकडून समासातले डाग काढवले, कडा सरळ कापवल्या, क्रमांक घालून फाइल लावली. आत्यानं भिंग पानाच्या कोपऱ्यात नेलं, पुन्हा नेलं.

“सरोजा, माणसं कुठं गेली?”

“आहेत की! घोड्यावर एक, नावेत दोन.”

“ती नव्हेत गे, वाचणारी! अय्यो, सगळ्यांना घासून काढलंस. पोथी म्हणजे काय दोशाचा तवा?”

ती चित्रांपेक्षा डाग बघत होती : पान उलटणारे अंगठे, मेणाचा थेंब, दुष्टाच्या चेहऱ्यावर ओढलेली नखं. डागांसकट नवी पानं छापून यायला आठवडा गेला. तोवर तिला फक्त उजेड-अंधार कळत होता. तो आठवडा माझ्या टापटिपीनं खाल्ला.

मग दर रविवारी मी बघून सांगायचे, ती अर्थ लावायची, मी वहीत लिहायचे. एका पानावर राणीला नाकडोळेच उरले नव्हते. मी म्हटलं, “रंग उडालाय.” आत्या हसली. “उडाला नाही. मुके घेतलेत.” मी त्या जागी बोट टेकवलं. कोण कुठला व्यापारी, आणि त्याचे ओठ माझ्या बोटाखाली...

एकोणचाळीस पानं झाली. तेराव्यानंतर तिच्या खोलीत बसून मी शेवटचं उघडलं. त्यात नायक मरतो. कोपरा स्वच्छ. पुन्हा मीच पुसला की काय, म्हणून मूळ फोटो पाहिला. तिथंही स्वच्छ. इथवर कुणी पोचलंच नाही, की पुढचं ठाऊक असल्यानं कुणाला हे पान उघडवेना? आत्यानं क्षणात सांगितलं असतं. वहीत मी चाळीसचा आकडा घातला, पुढची ओळ रिकामी ठेवली. रविवारी मात्र अजून तिच्या खोलीत जाते, आणि मोठ्यानं सांगते : कोपरा कोरा आहे, आत्या...