त्यांच्यासाठी ऐकताना

माझे मिस्टर बहिरे होऊन गेले.

ज्या माणसाने आयुष्यभर ऐकण्याशिवाय दुसरा शौक केला नाही, तो माणूस.

आज वर्ष झालं. त्यांच्या ऑडिओवाल्या मित्रांनी सकाळपासून त्यांच्या गाण्याच्या सेटचे फोटो टाकलेत. बरं वाटलं. पण सेटबद्दल सगळेच बोलतात, म्हणून मी जरा माणसाबद्दल लिहिते.

हे रोह्याला कंपनीत, मेंटेनन्सला. मी हमरापूरची, गणपतीच्या कारखान्यात वाढलेली. वडिलांच्या हाताखाली मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शिकले. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

लग्नानंतर काही वर्षांनी यांनी मुंबईहून जुने स्पीकर आणले. कपाटाएवढे. गादीत गुंडाळून. टेम्पोत ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी आणि हे मागे, स्पीकरला धरून बसलेले. वाटेत गडब गावात टेम्पो चहाला थांबला तरी खाली उतरले नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, "कुंदा, हा तुला सवत घेऊन आला गो. आणि एक नाय, दोन!"

मग आमच्या मागच्या खोलीचं काही खरं राहिलं नाही.
लादीवर खडूच्या खुणा. स्पीकर बोटभर पुढे, बोटभर मागे, पुन्हा पुढे. मी लादी पुसायची ती खुणा वाचवून.
आवाज घुमू नये म्हणून भिंतीला गोधड्या टांगल्या.
समोर एकच खुर्ची. त्यांची.

लोक बघायला यायचे. "बेस कसला दणदणीत असेल ना?" असं काहीतरी विचारायचे. हे नुसते हसायचे.

एकदा कंपनीतले साहेब आले. म्हणाले, "एवढा खटाटोप करून शेवटी मिळतं काय हो?"

हे म्हणाले, "साहेब, सगळं नीट जमलं ना, की सामान ऐकू येईनासं होतं. मग समोर फक्त माणूस उरतो. गाणारा."

आणि रेकॉर्ड लावली. एका जुन्या गायिकेचा मारवा.
"सूर लावायच्या आधीचा श्वास ऐकलात? बाई जरा घाबरल्यात."

साहेब चहा पिऊन गेले. मलाही वाटलं, हे जरा अतीच करतात.

रिटायर झाल्यावर दिवसभर ऐकायचं, असं ठरवलं होतं त्यांनी.

एक दिवस म्हणाले, "तंबोरा गेला."
म्हणजे त्या मारव्याच्या रेकॉर्डवरचा तंबोरा ऐकू येत नव्हता.
वायरी बदलून झाल्या. अ‍ॅम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह बदलले. सुई बदलली. पेणहून मेकॅनिक बोलावला. तो म्हणाला, "काका, सेट एकदम ओके हाय."

यांना पटेना. मला हाक मारली. "कुंदा, इथे बस."

त्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसले.

"गाण्याच्या मागे काही घुमल्यासारखं ऐकू येतंय?"

"व्हय, येतंय की. सारखं चालूच हाय."

हे मागे वळले. जाऊन अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. व्हॉल्व्हचा लाल उजेड हळूहळू विझला, तोपर्यंत तिथेच उभे होते.

डॉक्टर म्हणाले, कानाची नस सुकत चाललीय.

मशीन लावलं. उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोललं की शब्द कळायचे.
"पण गाणं म्हणजे नुसता पत्रा वाजतो गो."

सेटवर चादर टाकली. स्वतःच.
त्यानंतर त्या खोलीत जाईनात. ओटीवर बसून राहायचे. जेवण कमी झालं. मित्रांचे फोन घेईनात. माणूस माझ्या डोळ्यांसमोर मिटत चालला होता.

एका दुपारी मला राहवलं नाही. चादर काढली आणि तोच मारवा लावला. सवय नव्हती, सुई धपकन टेकली. हे दारात येऊन उभे. फिरणाऱ्या रेकॉर्डकडे बघत.

मी त्यांना शेजारी बसवलं आणि कानाशी ओरडले, "बाई गातायत!"

"ते दिसतंय मला. कशा गातायत?"

गाण्यातले शब्द मला ठाऊक नव्हते. मग मला जे येत होतं, तेच बोलले.

"पापणीची रेघ ओढतायत. घाई नाय. हात जराही हलत नाय. कडेला आल्या... आणि ब्रश उचलला. शेवटचं टोक अगदी केसाएवढं."

यांनी डोळे मिटले.

"हां," म्हणाले. "तिथे उचलतातच बाई."

त्या दिवशी ते पोटभर जेवले.

मग रोज दुपारी आम्ही बसायचो. खुर्चीत मी, शेजारी स्टुलावर हे. मी सांगायची. तबलजीच्या बोटात अंगठी आहे, मधूनच टणकते. मागून कुणीतरी "वा" म्हणालं, डाव्या बाजूने. बाईंनी आवंढा गिळला.

एवढं सगळं तिथे होतं. इतकी वर्षं मी स्वयंपाकघरात होते आणि मला नुसतं गाणं ऐकू येत होतं.

त्या बाई जाऊन जमाना झाला. आणि आमच्या रोह्याच्या खोलीत त्या श्वास घेत होत्या. हे कशासाठी मरमर करत होते, ते मला तेव्हा कळलं.

शेवटी अंथरुणाला खिळले, तेव्हा कॉट त्याच खोलीत आणली.

त्या दुपारी मारव्याची दुसरी बाजू लावायला सांगितली. मी कानाशी वाकून सांगत होते. त्यांचा हात माझ्या मनगटावर. बोलता बोलता रेकॉर्ड संपली. सुई मधोमध जाऊन खरखरायला लागली.

"पुढे?" हे म्हणाले.

मी उठले नाही.

"बाई पुन्हा वर निघाल्यात," मी म्हटलं. "सावकाश. तंबोरा चालूच हाय. आता वरच्या सुरावर थांबल्यात."

"हां. पुढे?"

सांगत राहिले. मनाचं.

एक बाजू किती वेळ चालते हे त्या माणसाला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण संपली का, असं त्यांनी विचारलं नाही. मनगट सोडलं नाही.

संध्याकाळी गेले.

अहो, भरल्या मनाने निरोप देते.
तुमची कुंदा