परसातली घूस

लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा घरामागचं परसू म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण होता. केळी, अळू, सुरण, कडेला हळद. पुढे मुलगी झाली, ती नुकती चालू लागली होती आणि दिसेल ते तोंडात घालायची. मातीची तर तिला चटकच लागली होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर घडाला आलेली केळ एका सकाळी आडवी झालेली दिसली. वारा नव्हता. मग दुसरी पडली. सुरण उपटला तर वर नुसती साल, आत पोकळ. सासूबाई उकिडव्या बसून बिळं पाहू लागल्या. खेकड्याच्या बिळाशी चिखलाच्या ओल्या गोळ्या असतात, हे त्यांनीच मला दाखवलं होतं. इथे तोंडाशी भुसभुशीत मातीचा हा एवढा ढीग, आणि बीळ आतून बुजवलेलं. म्हणजे घूस.

मिरच्यांची धुरी दिली, तर खोकून खोकून आम्हीच बेजार झालो. घागरी ओतल्या, ते पाणी कुठे गेलं कळलं नाही. दुपारी घर निजलं की स्वयंपाकघराच्या जमिनीखाली काहीतरी कुरतडत असायचं. मला त्या आवाजाची भीती वाटे. चुलीपाशी बसताना पायाखाली आता जमीन उरलीय की नाही, असं मनात येई.

मग एका संध्याकाळी सासूबाई परसात उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "गेली वाटतं ती अवदसा. आता काय करायला नको."

मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला परसात मोकळी सोडली आणि धुणं घेऊन बसले. थोड्या वेळाने वळून पाहते तर ती केळीच्या बुंध्याशी बिळापुढे बसलेली, तळहाताला कणीक, ओठांना माती.

"आई, ही कणीक कसली?" मी विचारलं.

सासूबाईंनी आधी ओठांवर बोट ठेवलं. मग मुलीचा हात पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांचं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. घुशीला माणसाचं बोलणं कळतं, अशी त्यांची पक्की समजूत. विष घालायचं ते घरात कुणाला न सांगता, आणि वर ती गेली असं तिच्या कानावर घालायचं. घूस फसली की नाही देव जाणे, मी मात्र सपशेल फसले होते. कणकेत विषाची काळी पूड कालवून त्याचे गोळे त्यांनी बिळाबिळांत ठेवले होते. या बिळातला गोळा जागेवर नव्हता.

मिठाचं पाणी पाजलं, तर मुलीच्या तोंडातून नुसती माती आली. त्या पुडीला लसणासारखा वास येतो म्हणून मी तिचं तोंड हुंगलं. लसणाचाच वास आला. पण सकाळी तिला भरवलेल्या वरणालाही लसणाची फोडणी होती. हे डॉक्टरांना आणायला धावले, तर ते शिरढोणला रोगी पाहायला गेलेले. हे तसेच सायकल काढून तिकडे निघाले.

सासूबाईंनी कुदळ घेतली. गोळा घुशीने नेला असेल तर तो आत सापडेल. त्या बीळ उकरत निघाल्या. वाटेत आलेली केळ तोडली, हळदीचा वाफा उलथला, अळू तुडवलं. मी ओट्यावर मुलीला घट्ट धरून बसले होते. ती पेंगायला लागली की मी तिला हलवून जागी करायची. तिची रोजची झोपायची वेळ झाली होती, की हे दुसरंच काही होतं?

भिंतीलगत बीळ रुंद झालं. आत गोणपाटाच्या चिंध्या, सुरणाचे तुकडे, आणि त्यांच्यात तो गोळा. अख्खा, दातही न लागलेला, वर फक्त इवल्या बोटांचे ठसे. सासूबाई खड्ड्यातच मटकन बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. "बोल मला, पोरी," त्या म्हणाल्या. "काय पन बोल."

मुलगी माझ्या मांडीवर झोपून गेली होती. आता मी तिला हलवलं नाही.

त्या दिवसापासून मी तिला सासूबाईंजवळ एकटीला सोडलं नाही. विहिरीवर जाताना कडेवर, बाजाराला जाताना कडेवर. त्यांनी कधी विचारलं नाही. फक्त मी घराबाहेर निघाले की तिला घ्यायला पुढे केलेले हात त्या आपणहून मागे घ्यायच्या.