रिकामी बारावी खुर्ची

पवित्र गुरुवारी आमच्या नाशिकच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने आपल्या बारा शिष्यांचे धुतले तसे. ते बारा जण जमवायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्यांत मीही होतो. दोन दिवस मी वजरीने टाचा घासत होतो. बायको म्हणालीही, "लग्नात एवढे पाय घासले नव्हतेत."

मिस्सेची प्रार्थना सुरू व्हायला पाच मिनिटं उरली तरी एक खुर्ची रिकामीच. मी दाराकडे धावलो. दाराशी एक अनोळखी माणूस उभा होता. विचारलं तर म्हणाला, दिंडोरीहून, द्राक्षछाटणीवरून थेट आलोय. पाय मातीने माखलेले. त्याला बसवलं तर लोक काय म्हणतील, नाही बसवलं तर फादर काय म्हणतील?

"दादा, बसता का? फक्त नळावर पाय धुऊन या."

त्याने आपल्या पायांकडे बघितलं. "धुऊनच बसायचं, तर फादर काय धुनार?"

तो तसाच माझ्याशेजारी बसला. फादरांनी त्याचे पाय सावकाश धुतले, पुसले. मग ते माझ्यासमोर वाकले, तेव्हा मी माझे गुळगुळीत पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पुढं करा की दादा. फादर कवाचे वाकलेत."