कुलपांच्या गल्लीतल्या सुमतीकाकू

आमच्या सामानाचा टेम्पो गल्लीत शिरला तेव्हा कुंपणापलीकडून पहिला प्रश्न आला, "राहायला आलात, की कुलूप लावायला?" मी गोंधळून म्हटलं, "राहायला." "मग चहा घ्या. कुलूपवाल्यांना मी नुसतं पाणी देत्ये," असं म्हणून सुमतीकाकू आत गेल्या आणि खरोखरच आल्याचा चहा घेऊन आल्या. तो संपेपर्यंत आमचं मूळ गाव, कुलदैवत, माझी बँकेतली नोकरी आणि मुलीचं लग्न का जमत नाही, हे सगळं त्यांनी काढून घेतलं होतं. पोलिसांना जमायचं नाही ते!

रत्नागिरी शहर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढत चढत आलं, त्याच्या शेपटाला आमची गल्ली. कातळ फोडून बांधलेले बंगले, प्रत्येकापुढे चार कलमं. बंगले देखणे हो, पण मालक डोंबिवलीला, त्यांची पोरं आणखी लांब. मे महिन्यात आंबे खायला यायचे आणि कुलूप लावून जायचे. किल्ल्या अर्थातच काकूंकडे. रोज एकेका घराच्या खिडक्या उघडून त्या तासभर ओटीवर बसून राहायच्या. मला तो नसता उद्योग वाटायचा. तसं बोलले, तर म्हणाल्या, "अगो, घराला माणसाचा वास लागावा लागतो. नाहीतर वाळवी सातबाऱ्यावर नाव लावत्ये."

मालक नसले तरी माणसं होती. सावंतांच्या बंगल्यामागच्या खोलीत आंब्याचा राखणदार मनबहादूर, त्याची बायको आणि तान्हं बाळ. आमच्या शेजारी भाड्याने राहणाऱ्या लातूरकडच्या दोन नर्सिंगच्या मुली. कोपऱ्यावर फरशी बसवणारा राजस्थानी मोहन. काकूंनी बहादुरीणबाईंना सोलकढी शिकवली. स्वतः जन्मात मासा चाखला नव्हता, पण लातूरच्या मुलींना बांगड्याचे कल्ले उघडून ताजेपणा ओळखायला त्यांनीच शिकवलं. "मी खात नाही म्हणून काय झालं? मला डोळे आहेत ना!"

काकूंचा मुलगा शिरीष ठाण्याला. स्वभावाने गरीब, पण आईच्या काळजीने हैराण. दर खेपेला त्याचं एकच पालुपद, "आई, इथे आहे कोण? रात्री पडलीस तर पाणी कोण देईल?" काकू दाद देत नसत. पण एका शिमग्याआधी गावकर, म्हणजे पालखीपुढे गाऱ्हाणं घालणारे मानकरी, सांगायला आले, "काकू, या सालाला पालखी तुमच्या गल्लीत वळायची नाय. बंद दारापुढं देव थांबवायचा तरी कसा? पोरांचं खांदं भरून येतात नि ओटी भरायला कोण नाय." शिरीष नेमका तिथेच होता. तो म्हणाला, "बघ आई! आता देवसुद्धा येत नाही." काकूंचा चेहरा पार उतरला. मग पदर खोचून म्हणाल्या, "ठीक. देव आला नाही, तर सामान बांधत्ये. पण गावकर, दारं उघडी दिसली तर पालखी वळवाल ना?" गावकर म्हणाले, "उघड्या दाराला देव नाय म्हणत नाय."

झालं! काकूंनी फोन हातात घेतला. "सावंत, तुम्ही शिमग्याला या, नाहीतर तुमच्या ओटीवर मी माणूस बसवत्ये." एकेक करून सगळ्याच मालकांनी "बसवा, बसवा" म्हणून सुटका करून घेतली. पालखीच्या दिवशी गल्ली ओळखू येईना. प्रत्येक दारात रांगोळी, नारळ, तांदळाचं ताट. सावंतांच्या ओटीवर मनबहादूर सहकुटुंब, पुढच्या घरी काकूंची नऊवारी कशीबशी गुंडाळलेल्या लातूरच्या मुली, त्यापुढे मोठा फेटा बांधून मोहन. मला माझं घर सोडून जोशांच्या बंद घरी बसवलं होतं, कारण "तुझ्याकडे तुझा नवरा आहे, तो काय शोभेचा आहे?"

दुपार कलताना ढोल वाजला आणि पालखी वळली! मला भरूनच आलं. सावंतांच्या दारात गावकर मनबहादूरकडे पाहून अडखळले. "नाव कुणाचं घेऊ?" काकू कडाडल्या, "ज्याने दार उघडलं त्याचं घ्या." मग मनबहादूरच्या बाळासाठी गाऱ्हाणं झालं आणि सगळी गल्ली "व्हय म्हाराजा!" म्हणून गरजली.

शेवटचं घर काकूंचं. देव येतो की नाही ते बघायला थांबलेला शिरीषही दारात उभा होता. पालखी अंगणात नाचली, काकूंनी ओटी भरली आणि गावकरांच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटल्या. गावकरांनी हात जोडून सूर लावला, "बा म्हाराजा, ह्या गल्लीला पाणी कमी पडू देव नको रे म्हाराजा!" आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा!" "कलमांचा मोहर गळू देव नको रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "मुंबैला गेलेली लेकरा सुखरूप ठेव रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" शिरीषलाही आता चांगलाच रंग चढला होता. लहानपणची सवय ती, जाते कुठे? गावकरांनी शेवटचा सूर लावला, "आनि ह्या माऊलीला ह्या घरातनं कदी कोन हलवणार नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज शिरीषचा होता.

दुसऱ्याच क्षणी त्याने तोंडावर हात ठेवला. मोहन हसून हसून फेट्यातून बाहेर आला. पालखी गेल्यावर शिरीष आईजवळ येऊन बसला. "आई, हे तू ठरवून केलंस."

"मी?" काकू प्रसादाचं खोबरं चावत म्हणाल्या, "मी देवापुढे तोंडसुद्धा उघडलं नाही. बोललास तू."

पुढे काकू थकल्या, अंथरुणाला खिळल्या. डॉक्टर म्हणाले, आता वयाचंच आहे, हवं तर ठाण्याला घेऊन जा. मी तिथेच उभी होते. मला वाटलं, आता हा नेणार. शिरीष म्हणाला, "नाही डॉक्टर, आमचं देवाशी बोलणं झालंय." आणि रजा टाकून, बायकोला घेऊन तो आमच्या गल्लीत राहायला आला. काकू गेल्या तेव्हा त्यांना शेवटचं पाणी त्यानेच पाजलं.