आधी फोटो, मंग कुऱ्हाड

कुणाच्याही अंगणात शिरले की काका आधी वर बघायचे. घरातल्यांना रामराम नंतर. झाडाच्या बुंध्यावर ते बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारायचे आणि मान तिरकी करून विचारायचे, "पडलं तर कुणीकडं पडन हे?"

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात या प्रश्नाचा राग येणारी माणसं पुष्कळ होती. लग्नाच्या बोलणीला आलेल्या पाहुण्यांसमोर त्यांनी एकदा यजमानाच्या चिंचेला थाप मारली होती. पाहुणे चहा घेईपर्यंत चिंचेकडंच बघत बसले.

काका विम्याचे एजंट. जीपस्टँडजवळ माझं ई-सेवा केंद्र आहे, त्याच्या बाहेरच्या बाकावर त्यांचं ऑफिस. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडिलांनी मेंढरं राखली. गावात बराच काळ माझ्या डिग्रीचं कौतुक काकांइतकं कुणी केलं नाही. ते मला नावानं हाक मारत नसत. "ग्रॅज्युएट, पंखा लाव," म्हणत. पण कुणी कागद घेऊन शहराकडं निघालं की त्याला अडवायचे. "हिंगोलीला काहून जातो? आपल्याकडं ग्रॅज्युएट हाय." माझ्या केंद्राची पहिली गिऱ्हाइकं अशी बाकावरून आत ढकललेली होती.

घराचा विमा ते चहाच्या टपरीवर शिकवत. ग्लास म्हणजे घर, चमचा म्हणजे झाड. चमचा ग्लासवर आडवा पाडायचा. "झाड घरावर पडलं, भेटन. झाड शेजाऱ्याचं असलं तरी भेटन, आपल्याच विम्यातून." मग चमचा टेबलावर नुसताच पाडायचा. "कशालाच लागलं न्हाई, तर काई न्हाई. सरपण तेवढं तुमचं. झाडानं पडायचंच ठरवलं तर निदान कोपऱ्याला तरी शिवावं." आणि शेवटी बोट वर करून, "ध्यानात ठेवा, आधी फोटो, मंग कुऱ्हाड." लोक हसत. चहाचे पैसे काका देत, म्हणून ऐकतही.

गयाबाईचा विमा काढायला त्यांना दोन पावसाळे लागले. ती शेळ्या पाळून एकटीच्या जिवावर उभी राहिलेली बाई. नवीन पत्र्याची दोन खोल्यांची जागा, शेजारी जुना कडुलिंब.

"बाई, शेळ्यांचा विमा काढती, घराचा काहून न्हाई?"

"घर काय दूध देतं का काका?"

"लिंब पडला की कळन, काय देतं ते."

"तुमी लिंबाला नजर लावू नका बरं."

तरी तिनं विमा काढला. काका सारखे बुंध्याला थापा मारतात, त्या तरी थांबतील म्हणून.

आणि एका वैशाखात, संध्याकाळच्या वावटळीत, लिंब खरंच पडला. बराबर घरावर. गयाबाई शेळ्या आणायला गेली होती, म्हणून वाचली.

काका लेकीकडं वसमतला होते. गयाबाईचा फोन आला तसं त्यांनी कंपनीला कळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहणी करायला माणूस येणार, असं ठरलं. गावात कुणाचाच विमा याआधी वटलेला नव्हता. गयाबाईला छप्पर मिळालं नसतं, तर पावसाळा शेळ्यांबरोबर काढावा लागला असता. आणि काकांच्या चमच्याला टपरीवर कुणी विचारलं नसतं.

मी सामान आणायला गेलो तो हिंगोलीलाच मुक्कामी होतो. सकाळी येताना काका आणि मी एकाच जीपमधून उतरलो आणि थेट गयाबाईकडं गेलो. काकांनी सवयीनं वर बघितलं. वर फक्त आभाळ होतं.

"झाड कुठंय?"

"गेलं की काका!" गयाबाई कौतुकानं म्हणाली. "उजाडायच्या आत सगळी गल्ली कुऱ्हाडी घेऊन आली. माणसं लई चांगली हायत आपली."

आमच्याकडची रीतच आहे ती. कुणाच्या घरावर झाड पडलं की बोलावणं लागत नाही. मजुरी कुणी मागत नाही, जाताना ज्यानं त्यानं सरपणाचा भारा न्यायचा. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात होता, पण हात कुऱ्हाडीत गुंतलेले. फोटो एकही नाही.

काका ओट्यावर बसले. "चांगली हायत, ते खरं. आता ही चांगुलकी निस्तरायची कशी?" मग एकदम उठले. "चल ग्रॅज्युएट. झाड माघारी आणू."

तुम्ही पुष्कळ वसुल्या पाहिल्या असतील. अशी पाहिली नसेल. काका दारोदार फिरून लिंब मागत होते. "दिलेलं सरपण माघारी मागतेत का कुठं?" असं एक म्हातारी त्यांच्या अंगावर आली. एकीच्या चुलीत बुंध्याचा ओंडकाच पेटलेला. ती म्हणाली, "पिठलं होऊ द्या काका, मंग न्या." काकांनी पिठलं होऊ दिलं, ओंडक्यावर पाणी मारलं आणि खांद्यावर घेतला.

मी म्हणालो, "काका, हे खोटं ठरेल."

"खोटं काय त्यात? घर तेच, झाड तेच. दोघांची फिरून भेट घालून देऊन राहिलो."

दुपारी लिंब बाजेच्या दोऱ्यांनी बांधून पुन्हा पत्र्यावर आडवा झाला. त्याच वेळी पाहणीला मॅडम आल्या. तरुण, कमी बोलणाऱ्या. घराभोवती त्यांनी एक फेरी मारली.

"हा लिंब आहे ना?"

"व्हय."

"मग याला काटे कसे?"

सगळ्यांनी पाहिलं. फांद्यांमध्ये एक बाभूळ होती. पलीकडच्या दगडूबांच्या घरी लिंब जळून गेला होता आणि रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून त्यांनी घरातली बाभूळ आणून दिली होती. दगडूबा आभाळाकडं बघू लागले.

"शेजारधर्म हाय मॅडम," काका म्हणाले. "बाभूळबी मदतीला आली."

"आणि झाडातून धूर येतोय."

मग काकांनी टोपी काढली आणि सगळं खरं सांगितलं, पिठल्यासकट. गयाबाईचा हात पदराच्या टोकाशी गेला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "सगळं खाली उतरवा."

उतरवलं. मॅडम शिडीनं वर चढल्या. दुमडलेल्या पत्र्यात लिंबाची साल चिमटलेली होती. मोडलेला वासा होता. खाली लिंब मुळांसकट उखडल्याचा ताजा खड्डा तसाच होता. मॅडमनी खड्ड्याचे फोटो काढले, गल्लीतल्या लोकांना विचारलं आणि मला म्हणाल्या, "हे दाखवलं असतं तरी चाललं असतं." निघताना काकांकडं वळल्या. "झाड पुन्हा चढवताना कडेचे दोन पत्रे वाकले. त्याचं काही मिळणार नाही."

गयाबाईचं छप्पर पावसाच्या आधी झालं. कडेचे दोन पत्रे काकांनी आणून बसवले. कुणी विषय काढला की म्हणायचे, "ते बाभळीच्या खात्यात."

काका जाऊन आता वर्ष होऊन गेलं. माझ्या बाकावर जीपची वाट बघणारे लोक बसतात. पंखा लावायला कुणी सांगत नाही.

या चैत्रात काकांच्या अंगणातला लिंब पडला. भिंत आणि पाण्याची टाकी यांच्या मधोमध पडला, कशालाही न शिवता. गल्ली कुऱ्हाडी घेऊन आली आणि उभी राहिली.

काकी बाहेर आल्या. "काहून थांबले रे?"

"फोटो," दगडूबा म्हणाले.

"कशाला लागलंय का ते? काई भेटत न्हाई त्याचं."

"ठाऊक हाय वैनी. तरी बी."

मी चारी बाजूंनी फोटो काढले. काकी पदर सावरत म्हणाल्या, "जलमभर दुसऱ्याच्या झाडांना विचारत हिंडले, कुणीकडं पडशील म्हणून. घरचं न विचारता नीट पडलं."

मग कुऱ्हाडी चालल्या. त्या दिवशी भारा कुणी घरी नेला नाही. पहिली मोळी गयाबाईनं उचलून काकींच्या चुलीमागं लावली, तिच्यामागून सगळ्यांनी.

दुसऱ्या दिवशी काकींनी मला हाक मारली आणि रचलेल्या सरपणाकडं बोट दाखवलं. लिंबाच्या ढिगात एक फांदी बाभळीची होती, काट्यांसकट.