पिक्चरातली सुगराबी

खैरुनबी सकाळीच गेली होती, आणि दुपार कलली तरी सुगराबीला बोलावणं आलं नव्हतं.

समोरचंच घर. शुक्रवार पेठेतला हा बोळ इतका अरुंद, की या ओट्यावर बसून त्या घरातली फोडणी ओळखता यावी. बर्फाच्या लाद्या आत गेल्या. कापूर आला, कफन आलं. माणसं टोप्या घालून भिंतीच्या सावलीला दाटीवाटीनं बसली. सुगराबी आपल्या ओट्यावर शाळेच्या गणवेशांना बटणं लावत होती, आणि एकच बटण पुन्हा पुन्हा उसवत होती.

"दादी, मी जाऊन बघू का?" नात माहेनूरनं विचारलं.

"नक्को. बोलावल्याबिगर जायचं नसतं."

पेठेत कुणी बाई गेली, की तिची शेवटची आंघोळ सुगराबीच्या हातची. हे काम तिला सासूनं शिकवलेलं. पाणी कोमट हवं, त्यात बोरीचा पाला हवा, हात आईसारखा हवा. आणि सगळ्यात शेवटी सासूनं सांगितलं होतं, "चांगलं दिसलं तर चारचौघांत सांग. वाईट दिसलं तर पोटात ठेव." सुगराबीच्या पोटात अर्धी पेठ होती. बाहेर काही आलं नव्हतं.

मग एकदा कुणी एक लेखक आले. ओट्यावर बसून चहा प्याले, पाणी कसं तापवता, पाला का घालता, असलं काहीबाही विचारलं. तिनं तेवढंच सांगितलं. त्यांची कादंबरी म्हणे हातोहात खपली, आणि तिच्यावर पिक्चर निघाला. खुनाचा. त्यात मयतीला आंघोळ घालणारी एक म्हातारी तरण्या सुनेच्या गळ्यावर निळे वळ बघते आणि तशीच, ओल्या हातांनी, पोलीस चौकी गाठते. पुढचा सगळा पिक्चर त्या वळांच्या मागे धावतो. हे एक वेळ चाललं असतं. पण त्या म्हातारीचा चष्मा काळ्या दोऱ्यानं डोक्यामागं बांधलेला होता. थेट सुगराबीसारखा.

पेठेनं पिक्चर मोबाईलवर बघितला. आधी चेष्टा झाली.

"खाला, हिरोईन झाला की तुमी."

"आता आम्हाला मरायची चोरी झाली बघा."

मग चेष्टा थांबली. हिनं सांगितल्याशिवाय त्याला कळलं कुठून, असं कुणीतरी बोललं, आणि ते बोलणं घरोघर फिरलं. तेव्हापासून पेठेत बाई गेली की आंघोळीला बाहेरून बाया येऊ लागल्या.

माहेनूरनं मात्र वेगळंच विचारलं होतं. "दादी, खरंच खून असता, तर तू गप्प बसली असतीस?"

"तशी वेळ आली न्हाय," सुगराबी म्हणाली होती, आणि सुईत दोरा ओवायला लागली होती.

इतरांचं तिनं सोसलं. पण खैरुनबी? दोघी एकाच उन्हाळ्यात या बोळात सुना म्हणून आल्या. दोघींनी एकाच नळावर भांडून मैत्री केली. "मी आधी गेले तर पाणी तू घालायचंस," खैरुनबीनं वदवून घेतलं होतं. "परक्या हाताला मी लाजते गं." तिचं डोकं साथ देत होतं तेव्हाची ही गोष्ट. अलीकडं ती सुगराबीलाही 'तुम्ही कोण' म्हणून विचारायची.

आणि आता तिच्याच मुलानं, कासीमनं, अकलूजहून मावशीला बोलावलं होतं. मावशीची गाडी मोहोळच्या अलीकडं बंद पडली होती.

"मयतीला इतका वेळ ठेवू नये," सावलीतलं कुणी म्हणालं.

"समोर बाई असताना अकलूजची वाट काय बघायची?"

"ती? नक्को बाबा."

सुगराबीनं ऐकलं. बटण लावलं.

तेवढ्यात समोरचा पडदा हलला आणि कासीमची बायको फिरदोस बोळ ओलांडून आली. डोळे सुजलेले, हातात कोपरापर्यंत बांगड्या.

"खाला, चला."

"कासीमनं पाठवलं?"

"मी आले."

सुगराबी उठली. माहेनूर मागं निघाली. दारात कासीम आडवा उभा होता.

"खाला, मावशी येतायत."

"तुझ्या अम्मीला जबान दिलीय मी."

"तुमची जबान पिक्चरमध्ये बघितली सगळ्यांनी."

सुगराबीनं डोक्यामागची गाठ सोडली, चष्मा काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"घे. पिक्चरातल्या बाईचा चष्मा. ह्याच्याबिगर मला जवळचं काय दिसत न्हाय. आता तर सोडशील?"

कासीमनं चष्म्याकडं बघितलं, मग बायकोकडं. आणि बाजूला झाला.

आत तख्त्यावर खैरुनबी होती, वर चादर. फिरदोसनं पाणी कालवलं, माहेनूरनं तांब्या धरला. सुगराबी चादरीखालून हात फिरवू लागली. खांदा, दंड, कोपर. धुकट दिसत होतं सगळं. पण चादरीबाहेर घेतलेल्या उजव्या मनगटावर तिची बोटं थांबली. कातडीवर खरखरीत कडं होतं, गोल फिरलेलं.

पाण्याची धार तुटली.

"दादी," माहेनूर कुजबुजली. "बांधलं होतं ह्यांना."

"पाणी घाल."

"दादी, हे पोलिसांना..."

"पाणी घाल म्हणते ना."

धार पुन्हा सुरू झाली. सुगराबीचे हात कामात होते, पण मन त्या मनगटापाशीच अडकलं होतं. कासीम रात्रपाळीला चिंचोळीच्या कारखान्यात. रात्री घरात ही आणि सून. दुसरं कोण बांधणार? वाईट दिसलं तर पोटात ठेव, सासू म्हणाली होती. असलं सुद्धा? हे सासूनं सांगितलं नव्हतं. खैरुनच्या तोंडून आता काही निघणार नव्हतं. तिच्यासाठी बोलणारं आता कुणी असेल, तर ही बोटं.

तिनं मान वर केली. समोर फिरदोसचा चेहरा म्हणजे नुसता एक फिकट डाग.

"कशानं बांधत होतीस?"

फिरदोसनं पाण्यातला पाला ढवळला. मग, "ओढणीनं."

"का?"

"रात्री कडी काढून जायच्या. एकदा पार रेल्वे रुळापाशी सापडल्या."

"कशाला बांधत होतीस? खाटेला?"

फिरदोसनं बांगड्या खाली ओढल्या. सुगराबीनं ओला हात पुढं करून तिचा हात पकडला आणि जवळ ओढला. बांगड्या वर सरकल्या. त्यांच्याखाली सुगराबीच्या बोटांना काहीतरी लागलं. तसंच कडं. तसंच खरखरीत.

"त्या हलल्या की मला जाग यायची," फिरदोस हळूच म्हणाली. "ह्यांना सांगितलं नाही. रात्रपाळी सोडून घरी बसले असते. आज सकाळी त्यांनी अम्मीचं मनगट बघितलं. माझ्याकडं बघितलं. काही विचारलं नाही, खाला. फक्त म्हणाले, सुगराबीला बोलवायचं नाही."

माहेनूरनं तांब्या भरला आणि खैरुनबीच्या मनगटावर अगदी हळू धार सोडली.

कफन झालं, कापूर लावून झाला. सुगराबी पडद्याबाहेर आली. कासीम तिथंच उभा होता, चष्मा मुठीत.

"कशी दिसली, खाला?" पाठीमागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"झोपल्यावानी. कपाळावर लई तेज होतं."

म्हातारा मान हलवून वळला. कासीम पुढं आला. आवाज एकदम खाली. "अजून काय बघितलं?"

"चष्मा तुझ्यापाशी होता की."

"खाला, खरं सांगा. मला हिच्यासोबत राहायचंय ह्या घरात."

"मेलेल्याचं मी सांगत न्हाय, कासीम. कुणालाच न्हाय सांगितलं कधी."

तिनं त्याच्या मुठीतून चष्मा सोडवून घेतला, डोक्यामागं गाठ मारली. मग पडद्याआड हात घालून फिरदोसला धरून आणलं, तिच्या बांगड्या वर सारल्या आणि तिचा हात कासीमच्या हातावर ठेवला.

"हे जित्याचं हाय. हे तुझं तू बघ."

बाहेर जनाजा उचलायला मुलाला हाका सुरू झाल्या. कासीम वाकून बघत होता. त्याचा अंगठा त्या कड्यावरून सावकाश फिरला, पूर्ण एक फेरा, आणि हाका ऐकू येत असूनही हात काही त्याच्यानं सुटेना.